द वायर, ब्रेकिंग बॅड, सोप्रानोज: एवढं कौतुक खरंच रास्त आहे का?

रातवा

'आजवरची सर्वोत्तम मालिका कोणती' असा विषय निघाला की तीन नावं हमखास येतात: द सोप्रानोज, द वायर आणि ब्रेकिंग बॅड. तिन्ही पाहून झाल्यात, वायर तर नुकतीच दुसऱ्यांदा संपवली. या कौतुकाबद्दल माझी एक तक्रार आहे. कौतुक खोटं आहे असं नाही, पण ते सरसकट आहे. एकदा 'मास्टरपीस' म्हणून हात जोडले की नेमकं काय चांगलं आहे हे सांगायची जबाबदारीच संपते. मग चार भाग पाहून कंटाळलेल्या माणसाला वाटायला लागतं की आपल्यालाच काही कळत नाही.

(पुढे तिन्ही मालिकांचे शेवट उघड होणार आहेत. ज्यांना पाहायच्या आहेत त्यांनी इथेच थांबा.)

वायरपासून सुरुवात करतो. बॉल्टिमोर शहरातले ड्रग विकणारे आणि त्यांच्या मागावरचे पोलीस यांची मालिका. एचबीओ वाहिनी, २००२ ते २००८, पाच सीझन, साठ भाग. डेव्हिड सायमन हा 'बॉल्टिमोर सन'चा क्राइम रिपोर्टर. एड बर्न्स तिथल्याच पोलीस खात्यात खुनांचे तपास करायचा, नंतर शाळेत शिक्षक झाला. त्यामुळे मालिकेला 'वास्तववादी' हे विशेषण चिकटलं ते चिकटलंच. माझ्या मते वायरचं मोठेपण त्यात नाही. वास्तव दाखवणारे माहितीपट ढिगाने आहेत.

मोठेपण रचनेत आहे. पोलीस खात्यातल्या आकडेवारीच्या बैठका आठवा. रॉल्स आणि बरेल हे वरिष्ठ एकेका विभागप्रमुखाला उभं करून सोलून काढतात: गुन्हे कमी का दिसत नाहीत? 'दिसत' हा शब्द महत्त्वाचा. मग खाली दरोड्याची साधी चोरी म्हणून नोंद होते आणि वर बढत्या मिळतात. चौथ्या सीझनमध्ये प्रेझ पोलिसातून बाहेर पडून शाळेत गणित शिकवायला लागतो. तिथे सगळं सोडून परीक्षेची घोकंपट्टी करून घ्यायचा हुकूम येतो आणि तो ओळखतो की आपण हे आधी पाहिलंय. तीन सीझन पोलीस पाहिल्यामुळे आपणही त्याच क्षणी ओळखतो. कुणी भाषण देत नाही. हे लेखनाचं काम आहे आणि कौतुक याचं व्हावं.

आता वादाचे मुद्दे मांडतो. वायरचे पहिले चार सीझन कौतुकाला पुरून उरतात, पाचवा नाही. ब्रेकिंग बॅड अतिशय रंगतदार आहे, पण तिला मिळतं तेवढं कौतुक जास्त आहे. सोप्रानोज या दोघींच्या वर. बोला.

कंदील

>>चार भाग पाहून कंटाळलेल्या माणसाला<<

तिसऱ्या भागानंतर वायर सोडलेला प्रेक्षक हजर आहे. पात्रं इतकी की नावं लक्षात राहत नाहीत. गल्लीतली बोली सबटायटल लावूनही अर्धी डोक्यावरून जाते. कोण कुणाचा वरिष्ठ, कोण कुणाचा भाचा, काही पत्ता लागत नाही. 'धीर धर, पाचव्या-सहाव्या भागापासून पकड घेते' हे मला आजवर अनेकांनी सांगितलं. पण पाच भाग म्हणजे पाच तास होतात! दोन तासांच्या सिनेमाने पहिला अर्धा तास कंटाळा आणला तर आपण त्याला बोल लावतो. मालिकेला ही सवलत कशासाठी? प्रेक्षकाच्या सहनशीलतेवर उभं राहिलेलं कौतुक मला पटत नाही.

हेमाडपंती

कंदील, जोरदार अनुमोदन. ब्रेकिंग बॅडचा पहिला भाग पाहा. वाळवंट, सुसाट निघालेली जुनी आरव्ही (राहती गाडी), चड्डीवरचा माणूस, तोंडावर गॅसमास्क. पुढच्या दोन मिनिटांत तो, म्हणजे ड्रग बनवायला लागलेला रसायनशास्त्राचा शिक्षक वॉल्ट, कॅमेऱ्यासमोर बायकामुलांसाठी निरोप ठेवतोय. तिथून जो धागा लागतो तो ६२ भाग तुटत नाही. हे सोपं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एक भाग लिहून दाखवावा.

रातवा, तुम्ही 'जास्त कौतुक' म्हणता, पण कारण दिलं नाहीत. विमानांची टक्कर हा योगायोग म्हणून बहुतेक जण नावं ठेवतात, म्हणून आधीच उत्तर देतो. वॉल्टचा साथीदार जेसी, त्याची मैत्रीण जेन झोपेत उलटी घशात अडकून गुदमरते. वॉल्ट शेजारी उभा राहून पाहतो आणि तिला कुशीवर वळवत नाही. तिचा बाप विमानतळाचा वाहतूक नियंत्रक. मुलीच्या दुःखात कामावर परततो, चुकतो, दोन विमानं आदळतात आणि त्यांचे तुकडे वॉल्टच्याच घरावर पडतात. जळका गुलाबी टेडी बेअर त्याच्याच तलावात. तो टेडी आपण सीझनच्या पहिल्याच भागात पाहिलेला असतो. त्या सीझनमधल्या चार भागांची शीर्षकं जोडली तर 'सेव्हन थर्टी-सेव्हन डाउन ओव्हर एबीक्यू', म्हणजे '७३७ विमान अल्बुकर्कीवर कोसळलं', असं वाक्य तयार होतं. इतकं आधी ठरवून लिहिणारी दुसरी मालिका दाखवा.

रातवा

कंदील, सवलत देऊ नका, पण एक विनंती. तुम्ही जिथे सोडली त्याच्या पुढच्याच भागात मॅकनल्टी आणि बंक हे तपासनीस एका रिकाम्या स्वयंपाकघरात जुन्या खुनाचा तपास करतात. सबंध प्रसंगात दोघं एकच शिवी वेगवेगळ्या सुरांत उच्चारतात, दुसरं काही नाही. फोटो जमिनीवर मांडतात, मोजपट्टी काढतात, गोळी कुठल्या कोनातून आली ते लावून पाहतात, फ्रिजच्या दारातून गोळी उकरून काढतात, मग खिडकीबाहेर जाऊन जमिनीवर पडलेलं काडतूस शोधतात. तुमची भाषेची तक्रार तिथे लागू होत नाही. सगळं हातांत आणि डोळ्यांत आहे.

हेमाडपंती, आधी ठरवलेलं होतं म्हणून ते पटण्याजोगं होतं असं नाही. वॉल्टच्या पापाची फळं आकाशातून पडतात हे प्रतीक म्हणून ठीक, पण जेनच्या मृत्यूची फळं जेसीच्या चेहऱ्यावर आधीच दिसलेली असतात. तो माणूस आतून संपतो. तिथे विमान कशाला हवं होतं?

माझी खरी तक्रार शेवटाबद्दल आहे. चुंबकाने पोलिसांकडचा लॅपटॉप निकामी करणं, ट्रेनमधून रसायन पळवणं, आणि शेवटी गाडीच्या डिकीतून आपोआप फिरणारी मशीनगन. प्रत्येक वेळी युक्ती अशक्यप्राय आणि प्रत्येक वेळी ती फत्ते. मालिका सांगते की हा माणूस राक्षस झालाय, आणि दाखवते मात्र की हा किती हुशार आहे. 'ओझिमँडियस' या भागात वॉल्टचा साडू हँक मरतो, घर मोडतं, मुलगा बापावर पोलीस बोलावतो. तो भाग मी कुठल्याही यादीत सगळ्यात वर ठेवीन. पण त्यानंतर दोन भाग येतात आणि शेवटच्या भागात वॉल्टला सगळं मिळतं: मुलाला पैसे पोचतील अशी तजवीज, शत्रूंचा नायनाट, जेसीची सुटका, आणि आवडत्या प्रयोगशाळेत मरण. एवढं सगळं करून त्याला इतका समाधानाचा शेवट का?

सोनचाफा

वॉल्टच्या बायकोचं, स्कायलरचं, नाव कुणी घेतलं नाही अजून, म्हणून लिहिते.

नवरा घरात खोटं बोलतोय, पैसे कुठून येतात माहीत नाही, पोटात बाळ, आणि या बाईने प्रश्न विचारले म्हणून जगभरच्या चाहत्यांनी तिला 'कटकटी' ठरवलं. इतकं की ती भूमिका करणाऱ्या अॅना गनने २०१३ च्या ऑगस्टमध्ये न्यू यॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून सांगितलं की पात्राबद्दलचा हा द्वेष आता तिच्या स्वतःच्या अंगावर येतोय. त्याच वर्षी तिला एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला.

'ओझिमँडियस'मधला फोन आठवा. वॉल्ट स्कायलरला वाटेल ते बोलतो, धमक्या देतो. तो हे पोलीस ऐकतायत म्हणून करतोय, तिला कायद्याच्या कचाट्यातून सोडवायला, आणि बोलताना रडतोय. ती मिनिटभरात ओळखते. अॅना गनचा चेहरा तिथे कसा बदलतो ते पाहा. कितीतरी चाहत्यांना मात्र तो फोन म्हणजे 'शेवटी वॉल्टने तिला सुनावलं' असा वाटला! यात लेखकाचा दोष किती आणि प्रेक्षकाचा किती? माझ्या मते लेखकाचाही आहे. पाच सीझन कॅमेरा वॉल्टच्या खांद्यावर बसवल्यावर प्रेक्षक वॉल्टच्या नजरेनेच बघणार.

सोप्रानोज इथे खूप पुढे आहे. तिसऱ्या सीझनमध्ये माफिया म्होरक्या टोनीची बायको कार्मेला एका वयस्कर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाते. तिला वाटतं तोही गोड बोलून समजूत घालेल. तो सरळ सांगतो: मुलांना घे, उरतील तेवढी, आणि निघ. फी घेत नाही, कारण ते रक्ताचे पैसे. आणि शेवटी म्हणतो की तुला कुणी सांगितलं नव्हतं असं तुला यापुढे म्हणता येणार नाही. ती घरी येऊन सोफ्यावर पडून राहते, आणि मग नवऱ्याकडून विद्यापीठासाठी मोठी देणगी काढते. त्या घरातल्या बाईला फक्त बळी किंवा फक्त अडथळा केलेलं नाही. तिला सगळं कळतं आणि ती राहते. असं स्त्रीपात्र मला वायरमध्येही सापडलं नाही. कीमा ही पोलीस उत्तम आहे, पण तिचं घर दिसतं ते मॅकनल्टीच्या घराची दुसरी प्रत म्हणूनच.

बोरकूट

सोनचाफा, +१००. तो कार्मेलाचा प्रसंग पाहून मी मालिका दोन दिवस बाजूला ठेवली होती.

पुरस्कारांवर जाऊ नये हे मात्र सगळ्यांनी मान्य करा. वायरला एकही एमी नाही, नामांकनंसुद्धा दोनच, दोन्ही लेखनासाठी. ब्रेकिंग बॅडमधून निघालेल्या बेटर कॉल सॉलला ५३ नामांकनं आणि पुरस्कार शून्य. ब्रायन क्रॅन्स्टनला वॉल्टसाठी चार मिळाली, तीही योग्यच. यातून दर्जाबद्दल काय निष्कर्ष काढणार?

पूर्वकिनारा

मी मेरीलँडमध्ये राहतो, बॉल्टिमोरपासून जवळ. इथल्या लोकांचं मत या धाग्यात यायला हवं, कारण ते एकसारखं नाही. वायरचा अभिमान असणारे भेटतात. आणि 'आमच्या शहराचं नाव काढलं की लोकांना फक्त कोपऱ्यावर ड्रग विकणारी पोरं आणि बंदुका आठवतात' असं चिडून म्हणणारेही भेटतात. ज्या ओसाड घरांमध्ये चौथ्या सीझनमध्ये प्रेतं लपवतात, तसली ओस पडलेली रांगेतली घरं इथे खरोखर आहेत आणि शहराला तो प्रश्न आजही सुटलेला नाही. सायमन आणि बर्न्स दोघेही गोरे, आणि कथा बहुतांशी काळ्या वस्त्यांची. हा आक्षेपही इथे ऐकू येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही.

मात्र 'ओमर म्हणजे फिल्मीपणा' असं जे म्हणतात त्यांच्यासाठी: पाचव्या सीझनमध्ये ओमर, हा ड्रगवाल्यांना लुटणारा, इमारतीच्या बाल्कनीतून उडी मारून वाचतो, त्यावर फार टीका झाली. ओमरचं पात्र ज्यांच्यावरून घेतलं त्यांपैकी डॉनी अँड्र्यूज नावाच्या माणसाने प्रत्यक्षात त्याहून उंचावरून उडी मारली होती. लेखकांनी पटावं म्हणून मजले कमी केले! तोच डॉनी त्या प्रसंगात ओमरचा साथीदार म्हणून दिसतो आणि गोळीबारात मरतो.

मालिकेत धर्मोपदेशकाची भूमिका करणारा मेल्विन विल्यम्स हा एकेकाळचा बॉल्टिमोरचा खरा ड्रगसम्राट, आणि त्याला पकडणाऱ्यांत खुद्द एड बर्न्स. मारेकरी स्नूपचं काम करणारी फेलिशिया पीअर्सन इथल्याच रस्त्यांवर वाढलेली. 'वास्तववादी' या शब्दाला रातवा नाकं मुरडतात, पण या माणसांचं चालणं-बोलणं कुठल्या अभिनयशाळेत शिकवत नाहीत. कौतुकातला तो भाग काढून टाकू नका.

लालबागकर

दुसऱ्या सीझनबद्दल कुणी बोलेना. 'गोदीचा सीझन कंटाळवाणा, उडी मारून पुढे जा' असा सल्ला नेहमी दिला जातो. माझं मत उलटं आहे. मला वायर कळली ती त्या सीझनमध्ये.

फ्रँक सोबोत्का गोदी कामगारांच्या युनियनचा पुढारी. जहाजं कमी झालीत, पोरांना आठवड्यात एखाद-दुसरा दिवस काम मिळतं. तो तस्करांकडून पैसे घेतो आणि त्यातला मोठा वाटा नेत्यांना, लॉबिइस्टला देतो, का तर खाडी खोल व्हावी, धान्याचा धक्का पुन्हा सुरू व्हावा, जहाजं परत यावीत. धक्क्याच्या जागी शेवटी काय येतं? समुद्राकडे तोंड केलेले महागडे फ्लॅट. आम्ही १९८२ च्या संपानंतरच्या घरांत वाढलो. गिरण्यांच्या चिमण्यांखाली मॉल आणि टॉवर उभे राहताना पाहिलेत. फ्रँक म्हणतो की पूर्वी या देशात आपण वस्तू बनवायचो, आता फक्त पुढच्याच्या खिशात हात घालतो. हे वाक्य मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

पाचव्या सीझनमध्ये बंदराच्या विकासाच्या समारंभात महापौराला ओरडून जाब विचारणारा तरुण म्हणजे फ्रँकचा पुतण्या निक. पोलीस त्याला बाजूला नेतात, महापौर विचारतो कोण होता तो, उत्तर मिळतं: कुणी नाही. दुसरा सीझन गाळलात तर त्या 'कुणी नाही'चा अर्थच लागणार नाही.

पूर्वकिनारा

लालबागकर, फ्रँक शेवटच्या भेटीला चालत जातो तो फ्रान्सिस स्कॉट की पुलाखाली. २६ मार्च २०२४ ला मालवाहू जहाज धडकून तो पूल पडला. रात्रपाळीत पुलावरचे खड्डे बुजवणारे सहा मजूर गेले. बंदर कित्येक आठवडे ठप्प होतं आणि गोदी कामगार घरी. त्या दिवसांत इथे अनेकांनी दुसरा सीझन पुन्हा काढून पाहिला.

खडूफळा

माध्यमिक शाळेत गणित शिकवते, त्यामुळे चौथ्या सीझनवर बोलायचा थोडा हक्क सांगते.

मायकेल, नेमंड, रँडी आणि ड्यूकी ही चार मुलं. प्रेझ सुरुवातीला वर्ग आवरू शकत नाही. मग फासे आणतो आणि त्यातून संभाव्यता शिकवतो, कारण पोरं पैसे लावून फासे खेळतातच. वर्ग ऐकायला लागतो. पुढे परीक्षा येते आणि फासे बंद. मालिकेने इथे 'एका जिद्दी शिक्षकाने वर्ग बदलला' हा शंभर सिनेमांतला रस्ता घेतला नाही. प्रेझ चांगला शिक्षक होतो, आणि तरीही त्याच्या हातात फारसं काही नसतं.

रँडीचं बघा. त्याने पोलिसांना माहिती दिली हे एका पोलिसाच्या निष्काळजीपणाने बाहेर फुटतं. घर जाळलं जातं, सांभाळणारी बाई भाजून दवाखान्यात. सार्जंट कार्व्हरने शब्द दिलेला असतो की मी बघीन. दवाखान्याच्या बोळातून कार्व्हर निघून जाताना रँडी मागून ओरडत राहतो: तुम्ही बघाल ना माझ्याकडे? शब्द देता ना? कार्व्हर हरतऱ्हेने प्रयत्न करतो, तरी मुलगा वसतिगृहात जातोच, आणि कार्व्हर गाडीत बसून स्टिअरिंगवर हात आपटतो. यात दुष्ट कुणीच नाही. ज्याला मदत करायची आहे त्यालाही करता येत नाही, हे इतकं स्पष्ट मी दुसऱ्या कुठल्या मालिकेत पाहिलेलं नाही. रातवांच्या चौथ्या सीझनबद्दलच्या मताला माझं पूर्ण अनुमोदन.

पाचव्याबद्दल मात्र भांडण आहे. प्रेझ ड्यूकीला डबा द्यायचा, कपडे धुऊन द्यायचा. पाचव्यात ड्यूकी त्याच्याकडे शिक्षणासाठी म्हणून पैसे मागायला येतो. प्रेझ देतो, पण त्याला कळलेलं असतं. आणि त्याआधी गाडीत ड्यूकी मायकेलला त्यांच्या मस्तीच्या एका दिवसाची आठवण करून देतो तेव्हा मायकेल म्हणतो, मला आठवत नाही. हे ज्या सीझनमध्ये आहे तो 'कौतुकाला पात्र नाही' असं कसं म्हणता?

हेमाडपंती

मॅकनल्टी खोटा सिरियल किलर उभा करतो, प्रेतांना रिबिनी बांधतो, आणि लेस्टरसारखा शहाणा माणूस त्याला साथ देतो! ब्रेकिंग बॅडमध्ये हे असतं तर रातवांनी आणखी एक 'अशक्यप्राय युक्ती' म्हणून यादीत घातलं असतं. निदान रातवा दोन्हीकडे एकच माप लावतायत, एवढं मान्य. पण मशीनगनपेक्षा हे जास्त पटण्याजोगं आहे असं कुणी म्हणू नये.

रातवा

हेमाडपंती, मी म्हणत नाहीच.

खडूफळा, ड्यूकी-मायकेलचे प्रसंग मी चौथ्या सीझनची शिल्लक मानतो. पाचव्या सीझनचा स्वतःचा विषय वर्तमानपत्र आहे आणि तो फसलाय. सायमन 'सन'मधून १९९५ मध्ये बाहेर पडला, आणि वरिष्ठांवरचा राग दर भागात दिसतो. पोलीस खात्यातला रॉल्ससुद्धा माणूस वाटतो, डॅनियल्सच्या फाइलमध्ये डाग आहे, कार्व्हरच्या भूतकाळात चोरी आहे. वर्तमानपत्रात मात्र संपादक गस हेन्स निव्वळ सज्जन आणि बातमीदार टेम्पलटन निव्वळ खोटारडा. ज्या लेखकाने ड्रग विकणाऱ्या पोराला चार बाजू दिल्या, त्याला आपल्या जुन्या कचेरीतल्या माणसाला दोन देता आल्या नाहीत. पुन्हा हा सीझन दहाच भागांचा, त्यामुळे श्वास घ्यायलाही जागा नाही.

पण त्यातली एक गोष्ट मात्र मी पहिल्या चार सीझनच्या बरोबरीने ठेवतो. ओमर मरतो. ज्याच्या नावाने गल्ल्या रिकाम्या व्हायच्या, त्याला दुकानात एक लहान मुलगा गोळी घालतो. बातमी कचेरीत येते आणि जागा नाही म्हणून गाळली जाते. शवागारात त्याच्या नावाची चिठ्ठी शेजारच्या प्रेतावर लागलेली असते, ती एक कर्मचारी बदलतो. आख्ख्या शहराला ठाऊक असलेला माणूस त्याच शहराच्या वर्तमानपत्राला ठाऊक नाही. टेम्पलटनचे सगळे प्रसंग कापून एवढंच ठेवलं असतं तरी विषय पोचला असता.

कंदील

इतकं सगळं वाचून परत सुरू करावीशी वाटतेय खरी. पण सरळ प्रश्न: सगळे जण चौथ्याचं एवढं गुणगान करताय, तर थेट चौथ्यापासून पाहिली तर चालेल का?

रातवा

नको. एकच उदाहरण देतो. तुम्ही पाहिलेल्या तिसऱ्या भागात अंगणातल्या सोफ्यावर बोडी आणि वॉलेस ही ड्रग विकणारी पोरं बुद्धिबळाच्या सोंगट्यांनी चेकर्स खेळत असतात. त्यांचा वरचा डिअँजेलो त्यांना बुद्धिबळ शिकवतो: राजा राजाच राहतो, प्यादी लवकर मरतात. बोडी अडून विचारतो, पण प्यादं पलीकडे पोचलं तर? आपण हुशार असलो तर? चौथ्या सीझनच्या शेवटच्या भागात तोच बोडी बागेतल्या बाकावर मॅकनल्टीशेजारी बसून म्हणतो की आम्ही त्या पटावरच्या लहान सोंगट्यांसारखे. त्याला नाव आठवत नाही, मॅकनल्टी सांगतो: प्यादी. मधल्या तीन सीझनमध्ये बोडी काय काय करतो, कुणाला मारतो, कशाला नकार देतो हे माहीत नसेल तर तो बाक म्हणजे दोन माणसांच्या गप्पा.

तिसरा भाग पुन्हा पाहा आणि तिथून पुढे चला. लालबागकरांवर विश्वास ठेवा आणि दुसरा सीझन गाळू नका.

हेमाडपंती

ब्रेकिंग बॅडच्या शेवटावर माझं उत्तर लांबतंय, वेगळा धागा काढतो. सोनचाफा, स्कायलरबद्दलचा तुमचा प्रतिसाद तिथे पुन्हा टाका, मला त्यातल्या कॅमेऱ्याच्या मुद्द्यावर बोलायचं आहे.